आधी बाजार, मग बेत

उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांना जांभूळ हे गाव पाण्याच्या बातमीतून माहीत असतं. बारवी धरणाचं पाणी तिथे शुद्ध होतं आणि एमआयडीसीच्या जलवाहिन्यांनी पुढे जातं. तिथे दुरुस्ती निघाली की इकडे नळ कोरडे. अशा दिवशी स्वयंपाकाचा बेत आपोआप ठरतो. तीनतीनदा धुवावी लागणारी पालेभाजी बाद. दुधी चालेल, लाल भोपळा चालेल, नाहीतर सरळ पिठलं-भात. घासायला भांडी कमी पडतील असं काहीतरी. त्या दिवशी कुणी पाककृतीचं पुस्तक उघडत नाही, तरी घर पोटभर जेवतं.

रोजचा बेतही असाच, हाताशी काय आहे ते पाहून ठरवावा, असं माझं सांगणं आहे. ‘आज काय करू?’ हा प्रश्न ओट्यापाशी उभं राहून सोडवायला गेलं की बटाटा, फ्लॉवर, मटार आणि पनीर हीच उत्तरं फिरून फिरून येतात. तोच प्रश्न बाजारात जाऊन सोडवला तर ऋतूच उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा ते स्वस्तही पडतं. यासाठी शंभर पाककृती पाठ असण्याची गरज नाही. भाजी परतायची कशी, डाळ घालून पातळ करायची कशी, कडधान्यात शिजवायची कशी आणि ताक-बेसनात सोडायची कशी, या चार रीती हातात बसल्या की टोपलीत जे दिसेल ते त्यांतल्या एकीत बसवता येतं.

जांभूळच्या आसपास राहणाऱ्यांचं यात नशीब मोठं आहे. गाव उल्हास नदीच्या काठचं. एका हाताला बदलापूर, दुसऱ्या हाताला उल्हासनगर. पावसाळ्यात बदलापूर स्टेशनच्या बाहेर आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांतल्या ठाकर, कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. उल्हासनगरच्या बाजारात चुका, कमळकाकडी, तऱ्हेतऱ्हेचे पापड यांची रेलचेल. भातकापणीनंतर खाचरांत वाल, हरभरा होतो. इतक्या जवळ इतकं वैविध्य मुंबईत दादरलाही एका फेरीत मिळत नाही.

पावसाची टोपली

सुरुवात पावसाळ्यापासून करू, कारण नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त बिचकतात.

पहिल्या सरींच्या मागेपुढे शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले, तपकिरी-जांभळट टोकदार कोंब, जुडी बांधून ठेवलेले. सुरण-अळूच्या कुळातली ही भाजी, त्यामुळे तिला खाज आहे; नीट केली नाही तर घसा खवखवतो. म्हणून शेवळांबरोबर काकडं घ्यायचीच. ही लहान, हिरवी, आंबट फळं त्याच बाईकडे शेजारी वाट्यावर लावलेली असतात. घरी आल्यावर हाताला तेल लावून बसा. वरचं आवरण उलगडलं की आत दांडा दिसतो. त्याच्या बुडाकडचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाका, खाजेचा जोर तिथे असतो. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता, मग काकडं ठेचून त्यांचा रस घाला आणि शिजू द्या. आंबट कमी पडू देऊ नका. काकडं नाहीच मिळाली तर चिंचेचा दाट कोळ चालतो. भिजवलेली चणाडाळ किंवा सोललेले वाल घालून, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण लावून, ही भाजी अशी काही लागते की पुढच्या जूनची वाट बघावी. पहिल्यांदा करणार असाल तर एकच जुडी आणा आणि विकणाऱ्या मावशींना विचारून आणा. ‘मावशी, ही साफ कशी करायची?’ असं विचारलं की त्या एक शेवळ सोलूनच दाखवतात.

टाकळा त्यामानाने अगदी सरळ. जून-जुलैत मोकळ्या रानात हिरवा गालिचाच पसरलेला असतो. कोवळा असतानाच घ्यायचा; जून पाला चिवट आणि उग्र लागतो. संध्याकाळी घेतलेल्या टाकळ्याची पानं मिटलेली दिसली तर शिळा म्हणून परत करू नका, अंधार पडायला लागला की हा पाला मिटतोच. घरी पानं खुडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, निथळून बारीक चिरा. अर्ध्या तासापूर्वी मूठभर मूगडाळ भिजत टाकलेली असावी. तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, मग भरपूर कांदा. टाकळ्याला कांदा सढळ हाताने लागतो, त्यानेच त्याचा कडवटपणा निवतो. कांदा मऊ झाला की डाळ, डाळ अर्धवट शिजली की पाला. यानंतर झाकण ठेवू नका. कुठलीही पालेभाजी झाकून शिजवली की तिच्यातली आंबटसर वाफ आतच कोंडते आणि रंग काळपट होतो. मीठही पाला बसल्यावरच घाला, आधी घातलं तर अंदाज चुकून भाजी खारट होते. वरून ओलं खोबरं.

कुर्डू, कवळा, माठ, फोडशी या सगळ्यांना हीच रीत. फोडशी लसणाच्या पातीसारखी लांब पात्यांची असते. तिचा बुडखा आणि मधली पांढरी दांडी काढून टाकायची, पात्यांतली माती नीट धुवायची आणि तिला शेवटी थोडं बेसन लावायचं. भारंगी कडू, म्हणून ती उकडून, पिळून, वालांत घालतात. करटोली महाग असतात, पण त्यांना करावं काहीच लागत नाही. पातळ काचऱ्या, लोखंडी तवा, तेल, कांदा, मीठ, हळद, तिखट. कोवळी असतील तर बियाही राहू द्या.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचं प्रमाण घराघरांत नेलं आणि नव्याने शिकणाऱ्यांवर फार मोठे उपकार केले. रानभाजीला मात्र ते प्रमाण लावता येत नाही, कारण ती विकलीच जाते वाट्यावर आणि जुडीवर. इथे डोळ्याने मोजायला शिकावं लागतं. चिरलेला पाला कढईच्या काठापर्यंत आला तर शिजून तळाशी बसणार, म्हणजे दोन माणसांपुरता. कांदा आणि डाळ त्या बसलेल्या भाजीच्या हिशेबाने घ्या.

एक सूचना कळकळीने करते. ओळख नसलेला पाला स्वतः खुडून आणू नका. पाऊस पडला की सहलीला गेलेली मंडळी फोटो बघून भाजी तोडतात. सारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पतींतली एक खाण्याची आणि दुसरी विषारी असू शकते. ज्यांच्या पिढ्या रानात गेल्या त्यांच्याकडून घ्या, त्यात त्यांचेही चार पैसे होतात. ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, ओळख करून घ्यायला ती उत्तम जागा. आणि भाजी कुठून आली हे विचारायला लाजू नका. रेल्वे रुळांलगत, नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पालक आणि माठ आपल्याकडे सर्रास विकला जातो. वालधुनी नदीची काय अवस्था आहे ते अंबरनाथ-उल्हासनगरकरांना वेगळं सांगायला नको. त्या पाण्यातले नको ते पदार्थ पानांत उतरतात आणि मिठाच्या पाण्यात भिजवून ते निघत नाहीत. भाजी हिरवीगार, टवटवीत आणि स्वस्त आहे, एवढ्यावर भुलू नका.

वाल

या भागाच्या शाकाहारी स्वयंपाकाचा कणा कोणता, असं विचारलं तर मी वालाचं नाव घेईन. भात काढला की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल होतो, त्याला वेगळं पाणी फारसं लागत नाही. हिवाळ्यात ओल्या शेंगा खायच्या, सुकलेले कडवे वाल वर्षभर साठवायचे. पावसात बाजार हुकला तर डब्यातले वाल आहेतच.

बिरड्याला, म्हणजे मोड आलेल्या सोललेल्या वालांच्या उसळीला, वेळ लागतो, पण त्यात आपले कष्ट थोडे आणि थांबणंच जास्त. वाल रात्री भिजत टाका. सकाळी उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून, डब्यात ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी अर्धा दिवस. मग कोमट पाण्यात घालून एकेक वाल अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबायचा, डाळिंबी सालातून टुणकन बाहेर येते. हे काम टीव्हीसमोर बसून, घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्याचं आहे. मुलांना यात फार मजा वाटते आणि स्वतः सोललेलं बिरडं ती तक्रार न करता खातात.

शिजवताना कुकर लावू नका, वालांचा लगदा होतो. पातेल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेला कांदा. तो गुलाबी झाला की ठेचलेला लसूण, मग सोललेले वाल. दोन मिनिटं हलक्या हाताने परतून वर ताटली ठेवा आणि ताटलीत पाणी घाला. ते पाणी वाफेवर तापतं. आतलं आटलं की तेच गरम पाणी थोडं थोडं आत सोडायचं. गार पाणी घातलं तर दाणा दचकतो आणि मग लवकर शिजत नाही. ढवळायला डाव घालू नका, पातेलं फडक्याने धरून हलवा. दाणा बोटात सहज चेपला की मगच आमसूल आणि गूळ. आंबट आधी घातलं तर कुठलंही कडधान्य दडस राहतं, हा नियम राजमा-छोल्यांपासून आमटीच्या डाळीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. शेवटी ओलं खोबरं आणि जिरं वाटून लावा, मीठ, कोथिंबीर. रस अंगाबरोबर हवा.

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर. असे दिवस या पट्ट्याला नवे नाहीत, म्हणून जून लागण्याआधी घरात वाल, मटकी, चवळी, मसूर, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि थोडी आंबोशी असावी. कुळथाच्या पिठल्याला तर दहा मिनिटंही लागत नाहीत. चार चमचे पीठ दोन वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, लसणाच्या खमंग फोडणीत ओता, दोन आमसुलं टाका आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. गार होताना दाटतं, तेव्हा उतरवताना थोडं पातळच ठेवा. बाहेर पाऊस कोसळत असताना गरम भातावर हे पिठलं आणि भाजलेला पापड असला की दुसरं काही लागत नाही.

सकाळची गाडी पकडणाऱ्यांसाठी

ऋतूप्रमाणे स्वयंपाक म्हणजे हाताशी भरपूर वेळ असणाऱ्यांचं काम, असा समज आहे. बदलापूर-अंबरनाथहून रोज मुंबई गाठणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी येईस्तोवर आठ वाजतात, तिला मी टाकळा निवडायला बसवणार नाही. पण तिच्यासाठी उत्तर उल्हासनगरातच आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. सगळं मागे टाकून आलेल्या त्या घरांनी आपला स्वयंपाक जपला, आणि त्यातली साई भाजी आपल्याही घरात रुळावी इतकी सोयीची आहे.

सकाळी निघताना अर्धी वाटी चणाडाळ भिजत टाका. संध्याकाळी कुकरमध्ये तेलावर कांदा, आलं, मिरची परता; त्यात डाळ, एक जुडी पालक, त्याच्या चौथाई चुका, आणि घरात ज्या भाज्यांचा एकेक तुकडा उरला असेल तो: दुधी, गाजर, बटाटा, वांगं, दोन भेंड्या. एक टोमॅटो, हळद, धणेपूड, मीठ, वाटीभर पाणी. तीन-चार शिट्ट्या. वाफ गेली की रवीने घोटा. वरून तुपात लालसर केलेल्या लसणाची फोडणी. भाजी, डाळ आणि आमटी तिन्हींचं काम हे एकटं भांडं करतं. चुका आंबट असला तरी इथे डाळ भिजलेली आणि कुकरचा दाब असल्यामुळे ती शिजते. डाळ भिजवायला विसरला असाल तर मात्र आधी नुसती डाळ दोन शिट्ट्या शिजवून घ्या. आपल्याकडची पालकाची पातळभाजी हिची जवळचीच, तिच्यात दाणे-खोबरं पडतं एवढंच. सिंधी कढीत जशी गवार, भेंडी, शेवगा एकत्र नांदतात तशी आपल्याही बेसनाच्या कढीत घालून बघायला काय हरकत आहे?

पालेभाजी निवडण्याचं काम रविवारी करून ठेवायचं असेल तर धुऊ नका. निवडून, कोरडीच, सुती पिशवीत किंवा कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. ओली ठेवलेली दोन दिवसांत सडते. ओलं खोबरं, आलं-लसूण-मिरची वाटून ठेवावी, पण खोबऱ्याचं तयार वाटण दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

थंडी आणि उन्हाळा

थंडीत फार शिकवण्यासारखं काही नसतं, भाज्याच इतक्या गोड असतात. मुळा आणला तर पाला फेकू नका, त्याला चणाडाळ आणि लसूण पुरेसे आहेत. कोवळ्या हरभऱ्याचा पाला सुकवून ठेवला तर पावसाळ्यात उपयोगी पडतो. तुरीच्या आणि वालाच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की संध्याकाळचं खाणं झालं. अंगण असलेल्यांनी पोपटी करावी. मडक्यात तळाशी आणि वर भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ आणि ओवा. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाणी एक थेंब नाही. शाकाहारी पोपटीला काही कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही, भांबुर्ड्याचा वास सगळ्याला पुरून उरतो. भोगीला तर बाजारात येणारं सगळंच एका भांड्यात पडतं: ओला हरभरा, वाल, गाजर, वांगी, बोरं, वरून तिळाचं कूट.

उन्हाळ्यात फणसाच्या कुयरीची भाजी, शेवगा, कैरीची आंबेडाळ, मेथांबा. फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून ठेवा, त्या आमटीत आणि वालांत बटाट्याचं काम करतात. मे सरता सरता जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याला शिजवत बसू नका. धुवा, किंचित मीठ लावा, खा.

भाकरी

या सगळ्याबरोबर इथल्या गावांत तांदळाची भाकरी असते, पोळी नंतरची. पुष्कळ जणी ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतात, आणि नव्वद टक्के वेळा दोष उकडीत असतो. जितकं पीठ तितकं पाणी घ्या. पाणी खळखळून उकळलं की चिमूटभर मीठ, मग पीठ एकदम ओता, उलथण्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. मळायचं गरम असतानाच, हात गार पाण्यात बुडवत. मळण्यात कसूर नको. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर अजून मळायला हवं. पिठावर थापा. तवा आधी चांगला तापलेला हवा. भाकरी टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच ओल्या हाताने पाणी फिरवा, कडा सुकायच्या आत उलटू नका. दुसरी बाजू थोडी जास्त भाजा, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा, टम्म फुगते.

पीठ ताजं दळलेलं असावं, जुन्या पिठाची भाकरी तुटते. एकदम पाच किलो दळून आणण्यापेक्षा आठवड्यापुरतंच आणा. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून, वरून ताक शिंपडून झाकली की न्याहारी तयार होते. डब्यात न्यायची असेल तर ताक घालू नका, लिंबू पिळा.